डिगॉक्सिनचा देहातील प्रवास : प्रायोगिक प्राण्यांतील वितरण, उत्सर्जन आणि वैद्यांनी घ्यावयाचा बोध

प्रास्ताविक

आपल्या चिकित्सालयात येणारा हृद्रोगी रुग्ण बहुधा आधीपासून काही आधुनिक औषधे घेत असतो. ‘डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्या बंद न करता काही आयुर्वेदिक द्या’ अशी त्याची विनंती असते. अशा वेळी आपण द्यावयाच्या कल्पाचा विचार दोष, दूष्य, अग्नी व बल पाहून करतोच. परंतु रुग्णाच्या शरीरात अगोदरच असलेले औषध कोठे साठले आहे, किती काळ राहणार आहे आणि कोणत्या मार्गाने बाहेर पडणार आहे, याचा विचार तितक्या काळजीने होत नाही.

हृदयाची गती व ताल यांवर कार्य करणाऱ्या औषधांपैकी डिगॉक्सिन हे या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. ते वनस्पतिज आहे, त्याची हितकर मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर अत्यंत अल्प आहे, आणि आपल्या परिचयाच्या करवीराशी त्याचे कार्यसाधर्म्य आहे. त्याच्या देहातील गतीविषयी प्राण्यांवर जे प्रयोग झाले, त्यांतून दोन गोष्टी शिकावयास मिळतात. पहिली, औषधांच्या परस्परक्रिया कशा घडतात. दुसरी, प्राण्यावरील प्रयोगाचा निष्कर्ष मनुष्यास केव्हा लावावा व केव्हा लावू नये. दुसरी गोष्ट औषधनिर्मात्या बंधूंनी विशेषत्वाने वाचावी, अशी विनंती आहे.

१. द्रव्यपरिचय

इंग्लंडमधील वैद्यक व्यावसायिक विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस परप्युरिया या वनस्पतीच्या पानांचे सर्वांगशोथावरील अनुभव ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९३० साली सिडनी स्मिथ यांनी याच कुळातील डिजिटॅलिस लॅनाटा या जातीपासून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. आजही ते मुख्यत्वे या वनस्पतीपासूनच मिळविले जाते.

त्याचे कार्य पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंपावर होते. हा पंप पेशीतील सोडियम बाहेर टाकतो व पोटॅशियम आत घेतो. डिगॉक्सिनने पंप मंदावला की पेशीत सोडियम साचते, त्यायोगे कॅल्शियमचेही प्रमाण वाढते आणि हृदयाच्या स्नायूचे आकुंचन बलवान होते. याशिवाय व्हेगस नाडीच्या द्वारे ते हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणाऱ्या आवेगांस आवर घालते. म्हणून एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयगती नियंत्रित करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

हृदयदौर्बल्यात रक्तातील त्याचे इष्ट प्रमाण दर मिलिलिटरमध्ये ०.५ ते ०.९ नॅनोग्रॅम मानले जाते. २ नॅनोग्रॅमच्या पुढे विषलक्षणांचा संभव बराच वाढतो. अर्थात इष्ट आणि अनिष्ट यांमध्ये दुप्पट-तिपटीचेच अंतर आहे. ज्या कारणाने शरीरातील औषध दुप्पट होईल, ते प्रत्येक कारण येथे महत्त्वाचे ठरते.

२. तीन संज्ञा

पुढील विवेचनासाठी तीन संज्ञा स्पष्ट असावयास हव्यात.

वितरण-आकारमान : शरीरातील एकूण औषध रक्तातील प्रमाणाइतक्याच तीव्रतेने पसरले आहे असे मानल्यास त्यास किती लिटर द्रव लागेल, तो आकडा. हा प्रत्यक्ष अवकाश नव्हे, गणिती कल्पना आहे. हा आकडा मोठा असणे म्हणजे औषध रक्तात थोडे व धातूंमध्ये पुष्कळ असणे.

निर्मलन : एका तासात किती लिटर रक्तरस औषधापासून मुक्त होतो, ते मान. वृक्क, यकृत, आंत्र या सर्वांचे कार्य त्यात एकत्र येते.

अर्धायुष्य : शरीरातील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ. वितरण-आकारमानास ०.६९३ ने गुणून निर्मलनाने भागले असता अर्धायुष्य मिळते.

उदाहरण घेऊ. प्रौढ मनुष्यात डिगॉक्सिनचे वितरण-आकारमान सुमारे ५०० लिटर असते. निर्मलन तासाला ८.७ लिटर धरल्यास अर्धायुष्य सुमारे ४० तास येते. वृक्कविकाराने निर्मलन ३.५ लिटरवर आले, तर तेच अर्धायुष्य सुमारे ९९ तास, म्हणजे चार दिवसांहून अधिक होते. दररोज तीच मात्रा घेत राहिल्यास औषधाची पातळी स्थिर होण्यास साधारण पाच अर्धायुष्ये लागतात. निरोगी वृक्क असता हा काळ सुमारे ८ दिवसांचा, तर वरील वृक्करोग्यात सुमारे तीन आठवड्यांचा होतो. ‘गोळी सुरू करून पंधरा दिवस झाले, काही त्रास नाही’ या रुग्णाच्या वाक्यावर म्हणूनच फार विसंबू नये.

३. वितरण : औषध जाते कोठे ?

१९६० च्या दशकात किरणोत्सर्गी हायड्रोजनने अंकित केलेले डिगॉक्सिन कुत्र्यांना देऊन निरनिराळ्या अवयवांत ते किती पोहोचते हे मोजण्यात आले. अमेरिकेतील जेम्स डोहर्टी व त्यांचे सहकारी यांचे कार्य यात प्रमुख आहे. पुढे १९६९ साली रक्तातील अत्यल्प डिगॉक्सिन मोजण्याची प्रतिपिंडांवर आधारलेली पद्धत उपलब्ध झाली आणि हेच मापन रुग्णांतही सुलभ झाले.

या अभ्यासांतून वितरणाचे जे चित्र स्पष्ट झाले, ते असे : तीव्रतेच्या दृष्टीने वृक्क व हृदय यांत औषध सर्वाधिक आढळते. हृदयाच्या स्नायूतील प्रमाण रक्तरसापेक्षा अनेक पटींनी जास्त असते. परंतु एकूण साठ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठे कोठार म्हणजे अस्थींना जोडलेले मांस होय, कारण शरीरात त्याचे वजनच मोठे. मेदात मात्र ते फारसे जात नाही.

यातून व्यवहारास उपयोगी असे तीन निष्कर्ष निघतात.

पहिला : मात्रा शरीराच्या एकूण वजनावर न ठरविता मेदविरहित वजनावर ठरविली पाहिजे. स्थूल रुग्णास वजनानुसार मात्रा वाढविल्यास ती अतिमात्रा होते. त्याचप्रमाणे मांसक्षय झालेल्या वृद्धात कोठारच लहान झालेले असते, म्हणून पूर्वी सोसणारी मात्रा त्यास सोसेनाशी होते.

दुसरा : औषध रक्तातून धातूंत स्थिरावण्यास ६ ते ८ तास लागतात. गोळी घेतल्यानंतर लगेच रक्त तपासल्यास आकडा खोटा मोठा येतो. रुग्ण तपासणीचा कागद घेऊन आला, तर गोळी केव्हा घेतली व रक्त केव्हा दिले, हे विचारावे.

तिसरा : रक्तातील प्रमाण दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम, म्हणजे दर लिटरला १ मायक्रोग्रॅम असेल, तर ५०० लिटरच्या हिशेबाने शरीरात ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम औषध आहे. त्यापैकी ५ लिटर रक्तात केवळ ५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेकडा एक एवढेच सापडते. बाकीचे सर्व धातूंमध्ये लीन असते. म्हणूनच डिगॉक्सिनच्या विषबाधेत रक्त गाळण्याची डायलिसिस क्रिया निरुपयोगी ठरते. जे रक्तात नाही, ते रक्त गाळून काढणार कसे ?

४. उत्सर्जन : प्राणिभेदाने मार्गभेद

मनुष्यात शिरेवाटे दिलेल्या डिगॉक्सिनपैकी ५० ते ७० टक्के मूत्रावाटे रूपांतर न होता बाहेर पडते. यकृतातील रूपांतराचा वाटा अल्प असतो. कुत्र्यामध्ये अर्धायुष्य साधारणपणे एक ते दीड दिवसाच्या आसपास असते, जरी एका कुत्र्यापासून दुसऱ्यात बराच फरक पडतो. मांजरातही असा व्यक्तिभेद मोठा आहे.

प्रयोगशाळेत ‘रॅट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या उंदराची स्थिती अगदी वेगळी आहे. त्याच्या यकृतातील विकरे डिगॉक्सिनच्या रेणूला जोडलेल्या शर्करा एकेक करून तोडतात, पित्तावाटेही उत्सर्जन होते, आणि अर्धायुष्य अवघ्या अडीच तासांच्या आसपास भरते.

या फरकाचा अर्थ गणिताने पाहू. उंदरास रोज एकदा मात्रा दिली, तर २४ तासांत सुमारे साडेनऊ अर्धायुष्ये उलटतात. दुसऱ्या दिवशीच्या मात्रेच्या वेळी पहिल्या मात्रेचा जेमतेम हजाराव्या भागाच्या आसपास अंश उरतो. उलट ४० तासांचे अर्धायुष्य असलेल्या मनुष्यात २४ तासांनंतर ६६ टक्के औषध शिल्लक असते. त्यावर दुसरी मात्रा पडते, मग तिसरी. अशा संचयाने शेवटी एका मात्रेच्या सुमारे तिप्पट औषध शरीरात राहते. अर्धायुष्य ९९ तासांचे झालेल्या वृक्करोग्यात हाच संचय सुमारे साडेसहापट होतो.

म्हणजे, उंदरास २८ दिवस औषध दिले तरी त्याच्या शरीरास एकेका दिवसाचीच मात्रा २८ वेळा भेटते. मनुष्यास ते खरोखरच साठत गेलेले भेटते. ‘दीर्घकाल देऊन पाहिले’ या वाक्याचा अर्थ दोन्ही ठिकाणी एक नाही.

५. द्वाररक्षक प्रथिन

आंत्राची अंतस्त्वचा, यकृत, वृक्क व मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या यांच्या पेशींत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन असते. पेशीत शिरलेली अनेक बाह्य द्रव्ये पुन्हा बाहेर ढकलणे हे त्याचे काम. नेदरलँड्समधील आल्फ्रेड शिंकेल व सहकाऱ्यांनी हे प्रथिन निर्माण करणारे जनुक नाहीसे केलेले लहान उंदीर, ज्यांस प्रयोगशाळेत ‘माइस’ म्हणतात, तयार केले. सुरुवातीस हे उंदीर दिसण्यात सर्वसामान्य होते. परंतु अंगावरील कीटकांसाठी आयव्हरमेक्टिनची फवारणी करताच त्यांपैकी अनेक मेले. सामान्य उंदरांच्या मेंदूत न शिरणारे ते औषध या उंदरांच्या मेंदूत शिरले होते. द्वाररक्षकाचे महत्त्व अशा अनपेक्षित रीतीने १९९४ साली पुढे आले.

१९९५ साली याच उंदरांना अंकित डिगॉक्सिन देण्यात आले. सामान्य उंदरांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूतील प्रमाण २० ते ५० पटींच्या घरात गेले आणि शरीरातून उत्सर्जनही मंदावले. १९९६ सालच्या पुढील प्रयोगात आंत्राचा भाग तपासला गेला. पित्ताचा मार्ग वळवूनही सामान्य उंदरात ९० मिनिटांत दिलेल्या मात्रेच्या सुमारे १६ टक्के डिगॉक्सिन थेट आंत्राच्या भित्तीतून आतड्यात टाकले गेले. प्रथिनरहित उंदरात हे प्रमाण केवळ २ टक्के होते. आंत्र हे केवळ शोषणाचे स्थान नसून उत्सर्जनाचेही स्थान आहे, हे यावरून सिद्ध झाले.

या ज्ञानाने एक जुने कोडे सुटले. सिंकोनाच्या सालीतून मिळणारे क्विनिडीन हे तालविकारावरील औषध डिगॉक्सिनसोबत दिले असता रक्तातील डिगॉक्सिन सुमारे दुप्पट होते, हे १९७८ साली लक्षात आले होते, पण त्यामागील कारण अनेक वर्षे नीट उलगडले नव्हते. १९९९ साली सामान्य उंदीर व प्रथिनरहित उंदीर यांना ही दोन्ही औषधे एकत्र देण्यात आली. सामान्य उंदरांत डिगॉक्सिन वाढले, प्रथिनरहित उंदरांत वाढले नाही. क्विनिडीन द्वाररक्षकासच अडविते, आणि जेथे द्वाररक्षकच नाही तेथे अडविण्यास काही उरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपल्या दृष्टीने याचे महत्त्व असे की, हाच द्वाररक्षक काही वनस्पतिज द्रव्यांनीही प्रभावित होतो. युरोपात विषादावर वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती त्याची संख्या वाढविते. ती दहा दिवस घेतल्यावर मनुष्यात डिगॉक्सिनचा एकूण लाभ सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली दाखविण्यात आले. याच्या उलट मरिच व पिप्पली यांतील पिपेरीन हा घटक या प्रथिनास अडवितो, असे २००२ साली मानवी आंत्रपेशींच्या थरावर डिगॉक्सिन वापरूनच दिसून आले. पेशींवरील हा निष्कर्ष म्हणजे रुग्णावरील पुरावा नव्हे. आहारातील मिरी बंद करावयास सांगण्याचे त्यात काही कारण नाही. परंतु त्रिकटूयुक्त कल्प औषधी मात्रेत, सलग व नव्याने सुरू करताना डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाकडे अधिक लक्ष ठेवावे, एवढा इशारा त्यातून निश्चित मिळतो.

६. आंत्रस्थ जंतू व आहार

डिगॉक्सिनच्या प्रवासातील आणखी एक अधिकारी म्हणजे मोठ्या आतड्यातील एगर्थेला लेन्टा हा सूक्ष्मजंतू. तो डिगॉक्सिनच्या रेणूत बदल करून त्यास निष्क्रिय करतो. १९८१ साली जॉन लिंडेनबॉम व सहकाऱ्यांनी दाखविले की, सुमारे दर दहा रुग्णांत एकाच्या बाबतीत औषधाचा मोठा भाग अशा रीतीने वाया जातो. अशा व्यक्तीस एरिथ्रोमायसिन अथवा टेट्रासायक्लिन दिले असता जंतू दबतात व रक्तातील डिगॉक्सिन दुपटीपर्यंत वाढू शकते. १९८९ सालच्या एका अभ्यासात हे निष्क्रियीकरण न्यूयॉर्कच्या तुलनेत दक्षिण भारतीयांत कमी, आणि दक्षिण भारतातही शहरवासीयांच्या तुलनेत खेडुतांत कमी आढळले. देशभेदाने औषधाचा परिणाम बदलतो, ही गोष्ट आपणांस नवी नाही. येथे तिचे एक कारण मोजून दाखविले गेले, एवढेच.

२०१३ साली हा विषय पुन्हा लहान उंदरांवर अभ्यासण्यात आला. जन्मापासून जंतुरहित वाढविलेल्या उंदरांच्या आतड्यात केवळ हाच जंतू सोडून त्यांना डिगॉक्सिन दिले गेले. प्रथिनयुक्त आहार घेणाऱ्या उंदरांच्या रक्तात व मूत्रात औषध अधिक आढळले, प्रथिनरहित आहार घेणाऱ्यांत कमी. प्रथिनांतील आर्जिनीन हा घटक जंतूच्या त्या क्रियेस आवर घालतो, असे कारण पुढे आले. औषधाच्या फलात पथ्याहाराचा भाग असतो या आपल्या परंपरागत धारणेशी हा निष्कर्ष सुसंगत आहे. तथापि, तेवढ्यावरून आपल्या सर्व पथ्यनियमांस पुरावा मिळाला असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. एक औषध, एक जंतू व एक आहारघटक यांच्यापुरताच तो निष्कर्ष आहे.

७. उंदीर, करवीर व एक धोकादायक समजूत

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. मोठा उंदीर डिगॉक्सिन लवकर बाहेर टाकतो, हे आपण पाहिले. परंतु त्याहूनही मोठा फरक पंपातच आहे. उंदराच्या हृदयातील व वृक्कातील सोडियम-पोटॅशियम पंपाच्या मुख्य प्रकारात, औषध जेथे बसते त्या जागेच्या कडेची दोन अमिनो आम्ले मनुष्यापेक्षा वेगळी आहेत. १९८८ साली जेरी लिंग्रेल यांच्या प्रयोगशाळेने दाखविले की, एवढ्या बदलाने पंप या वर्गातील द्रव्यांस सुमारे हजार पटींनी कमी संवेदनशील होतो. लहान उंदराचीही हीच स्थिती आहे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डिजिटॅलिसच्या पानांची शक्ती मोजण्यासाठी बेडूक, मांजर, कबूतर व गिनीपिग हे प्राणी वापरले गेले.

आपल्या करवीरातील ओलिअँड्रिन, पिवळ्या कण्हेरीतील थेवेटिन व नेरिफोलिन, आणि अर्कातील कॅलोट्रॉपिन ही द्रव्ये याच वर्गातील असून याच पंपावर कार्य करतात. त्यामुळे करवीरयुक्त कल्पाची सुरक्षितता केवळ उंदरांवर पाहिली असेल, तर त्या पाहणीत दोन दोष राहतात. ज्या पंपावर विषाचा आघात व्हावयाचा, तो त्या प्राण्यात जवळजवळ बधिर आहे. आणि जे द्रव्य साठावयाचे, ते मनुष्याप्रमाणेच त्यात साठेल याची शाश्वती नाही. उंदीर जगला, यावरून मनुष्याचे हृदय सुरक्षित राहील असे अनुमान निघत नाही.

शोधनसंस्काराच्या परीक्षणातही हाच प्रमाद संभवतो. शोधित करवीर देऊन उंदीर मेला नाही, म्हणून शोधन सिद्ध झाले असे लिहिले जाते. परंतु तेवढ्याच मात्रेत अशोधित करवीर देऊनही उंदीर मरत नसेल, तर त्या प्रयोगाने शोधनाविषयी काहीच सांगितले नाही. शोधन निष्फळ आहे असा याचा अर्थ नव्हे. शोधनाची परीक्षा अयोग्य साक्षीदाराकडून घेतली गेली, असा आहे. दोलायंत्रात गोदुग्धात स्वेदन केल्याने करवीरातील ग्लायकोसाइडांचे प्रमाण किती घटते हे रासायनिक मापनाने पाहावे, गिनीपिगसारख्या संवेदनशील प्राण्यात हृदयाच्या विद्युत् आलेखासह तुलना करावी, आणि अशोधित द्रव्याचा गट त्यात अवश्य असावा. आपल्या संस्कारावर आपला विश्वास असेल, तर कठोर परीक्षेचे भय बाळगण्याचे कारण नाही.

विषबाधेच्या चिकित्सेतही प्राण्यांचे ऋण मोठे आहे. मेंढ्यांच्या शरीरात डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे तयार करून त्यांचे लहान तुकडे वेगळे करण्यात आले. अखंड प्रतिपिंडापेक्षा हे तुकडे धातूंमध्ये अधिक पसरतात व शरीरातून लवकर बाहेर पडतात, हे ससे व बबून यांच्यावरील अभ्यासात दिसले. १९७६ साली त्यांचा मनुष्यात प्रथम उपयोग झाला, आणि २००० साली श्रीलंकेतील चाचणीत पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेतही ते गुणकारी ठरले. डिगॉक्सिन व कण्हेर यांचे नाते याहून स्पष्ट कोणते असू शकेल ?

८. चिकित्सकांसाठी

समजा, सत्तरीच्या एक आजी डिगॉक्सिन व मूत्रल गोळी घेत आहेत. मलावष्टंभासाठी त्या आपल्याकडे येतात. सोनामुखीयुक्त चूर्ण रोज रात्री आणि खोकल्यासाठी यष्टिमधु, अशी योजना सहज लिहिली जाते. मूत्रल गोळी पोटॅशियम घटविते. दीर्घकाळ दिलेले तीव्र विरेचनही ते घटविते. यष्टिमधूतील ग्लिसिऱ्हायझिनपासून होणारे द्रव्य वृक्कातील एका विकरास अडवून पोटॅशियमचा मूत्रावाटे ऱ्हास वाढविते. आणि रक्तात पोटॅशियम कमी झाले की डिगॉक्सिन पंपावर अधिक घट्ट बसते. येथे रक्तातील डिगॉक्सिनचा आकडा वाढलाच पाहिजे असे नाही. आकडा तोच राहूनही विषलक्षणे प्रकट होतात.

ही लक्षणे कोणती ? अरुचि, हृल्लास, छर्दी, दौर्बल्य, कधी अतिसार, भ्रम, वस्तू पिवळट-हिरवट दिसणे, नाडी मंद अथवा विषम होणे. यांतील पहिली तीन-चार लक्षणे पाहून अग्निमांद्य अथवा आम असे निदान करण्याचा मोह होतो. दीपन-पाचन सुरू होते आणि गोळीही चालू राहते. या विलंबाची किंमत रुग्णाच्या प्राणांनी द्यावी लागू शकते. यास्तव पुढील नियम पाळावेत.

(१) प्रत्येक हृद्रोग्याच्या गोळ्यांची वेष्टने स्वतः पाहून नावे नोंदवावीत.

(२) डिगॉक्सिन घेणाऱ्यास नवीन अरुचि, छर्दी वा दृष्टीतील बदल उद्भवल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत ती डिगॉक्सिनची विषलक्षणे समजावीत. नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी व रुग्णास त्याच दिवशी त्याच्या हृद्रोगतज्ज्ञाकडे अथवा रुग्णालयात पाठवावे. विद्युत् आलेख, पोटॅशियम, क्रिएटिनिन व डिगॉक्सिनचे प्रमाण तपासले जाणे आवश्यक असते.

(३) अशा रुग्णात यष्टिमधूचा सलग प्रयोग व तीक्ष्ण विरेचन टाळावे. मलावष्टंभासाठी मृदु उपाय व आहारयोजना करावी.

(४) करवीर अथवा अर्क असलेला कोणताही कल्प आभ्यंतर देऊ नये. दोन्ही द्रव्ये एकाच पंपावर पडतात.

(५) वमन-विरेचनादी शोधनकर्मे योजण्यापूर्वी त्याच्या चिकित्सकाशी प्रत्यक्ष बोलावे. तीव्र द्रवनाशाने वृक्काचे निर्मलन घटते, पोटॅशियमही जाते, म्हणजे दोन्ही बाजूंनी धोका वाढतो.

(६) हृदयगती नियंत्रित झाल्याचे पाहून डिगॉक्सिन आपण होऊन बंद करू नये वा कमी करू नये.

९. औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या परिशिष्ट ई-१ मध्ये करवीर व अर्क यांचा विषारी द्रव्यांत समावेश आहे. अशी द्रव्ये असलेल्या आभ्यंतर कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकास दिसेल अशा ठिकाणी असावी. कच्च्या मालात करवीर व पिवळी कण्हेर यांची सरमिसळ होऊ न देणे, विषद्रव्यांची साठवण स्वतंत्र ठेवणे व शोधनाची तुकडीवार नोंद राखणे, ही आपली जबाबदारी आहे. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. ओलिअँड्रिनसारखी द्रव्ये डिगॉक्सिनच्या रक्ततपासणीत मिसळून खोटा आकडा देऊ शकतात. कल्पातील घटक लपविले गेल्यास तपासणाऱ्या डॉक्टरचीही दिशाभूल होते आणि शेवटी दोष साऱ्या शास्त्राच्या माथी येतो.

‘उंदरांवरील चाचणीत सुरक्षित’ असा दाखला मिळाला, तर पुढील तीन प्रश्न विचारल्याखेरीज तो माहितीपत्रकावर छापू नये. त्या प्राण्याचे लक्ष्यस्थान मनुष्यासारखे संवेदनशील आहे काय ? द्रव्य त्याच्या शरीरात मनुष्याइतका काळ राहते काय ? तुलनेसाठी ज्ञात विषारी द्रव्याचा गट ठेवला होता काय ?

सारांश

डिगॉक्सिन रक्तात थोडे व मांसधातूत पुष्कळ राहते, मेदात जात नाही आणि मनुष्यात मुख्यत्वे मूत्रावाटे जाते. द्वाररक्षक प्रथिन, आंत्रस्थ जंतू, वृक्काचे बल व पोटॅशियम या चार गोष्टी त्याचे हित वा अहित ठरवितात. प्राण्यांनी यांतील पहिल्या दोन गोष्टी उत्तम रीतीने शिकविल्या, कारण तेथे प्रश्न व प्राणी यांचा मेळ होता. विषारीपणाच्या प्रश्नात उंदीर हा योग्य साक्षीदार नाही. प्रयोग कोणत्या प्राण्यावर, कोणत्या प्रश्नासाठी केला, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष स्वीकारणे म्हणजे प्रकृती न पाहता मात्रा ठरविण्यासारखेच होय.

स्वाध्याय

१. रुग्णाचे रक्तातील डिगॉक्सिन १ नॅनोग्रॅम असता डायलिसिसने ते का निघत नाही, हे आकड्यांनी स्पष्ट करा.

२. अर्धायुष्य ४० तासांवरून ९९ तासांवर गेल्यास पातळी स्थिर होण्यास किती दिवस लागतील ?

३. शोधित करवीराच्या सुरक्षिततेसाठी प्रयोगाची आखणी करा. प्राणी, तुलनागट व मोजावयाची लक्षणे लिहा.

४. डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात रक्तातील आकडा न वाढता विषलक्षणे कशी उद्भवू शकतात ?